डब्ल्यू-टू सारखाच, घरं दोन: ग्वाटेमाला आणि इंडोनेशिया

काठावरचा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे न्यू जर्सीत फेब्रुवारी ते एप्रिल कमी उत्पन्नवाल्यांचे टॅक्स लायब्ररीत फुकट भरून देतात. गेली चार वर्षं मी शनिवारी तिथे बसतो. (घरची कामं टाळायला, असं बायकोचं मत आहे. त्यावर वेगळा धागा काढू नये.) एडिसनच्या आसपासचा भाग, त्यामुळे आपली देशी मंडळी येतातच. पण माझ्या टेबलाशी जास्त येतात ते दोन देशांचे लोक: प्लेनफिल्डकडून ग्वाटेमालाचे आणि मेटचन-हायलंड पार्ककडून इंडोनेशियाचे.

यंदा एका शनिवारी लागोपाठ दोन बाया आल्या. दोघींचे डब्ल्यू-टू (मालकाने दिलेला वर्षभराच्या पगाराचा कागद) एकाच टेंप, म्हणजे तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या, एजन्सीचे. गोदामात खोकी भरायची, लेबलं डकवायची. ताशी दर तोच, वर्षाच्या बेरजेत शे-दोनशे डॉलरचा फरक. दोघींकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, टॅक्सपुरता दिलेला नंबर आहे.

पहिली इंडोनेशियातल्या सुराबायाची. जाड प्लास्टिकचं फोल्डर, त्यात प्रत्येक वर्षाचे कागद वेगळे लावलेले. मोठी मुलगी रटगर्स विद्यापीठात, धाकटा शाळेत. दुसरी ग्वाटेमालाची, वेवेतेनांगोकडची. तिने कागद पावाच्या पिशवीतून काढले आणि त्यातले दोन कमी निघाले. स्पॅनिश तिलाही तोडकंमोडकंच येत होतं, मुलगा फोनवरून समजावत होता. तो सतरा वर्षांचा, शाळा सोडून घरांच्या छपरांच्या कामाला जातो.

शेजारच्या टेबलावरचे आमचे एक ज्येष्ठ स्वयंसेवक नंतर चहा पिताना म्हणाले, "फरक संस्कृतीचा. आशियाई माणूस मुलाला शिकवतो." मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. म्हणून इथे विचारतो. काम तेच, पगार तोच, इथे राहण्याचे कागद दोघींचे अर्धवट. मग घरं इतकी वेगळी कशी?

बंडू_बिलंदर

पहिला! आता वाचतो.

सरळमार्गी

तुमचे ज्येष्ठ स्वयंसेवक बरोबर बोलले. लोकांना ऐकायला आवडत नाही, एवढंच. अमेरिकेतल्या इंडोनेशियन लोकांत पंचविशीच्या पुढचे जवळपास निम्मे पदवीधर आहेत. ग्वाटेमालावाल्यांत दहात एक. आकडे काही वर्णद्वेषी नसतात. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते, चाळीत दहा बाय बारात राहून त्यांनी चार मुलं शिकवली. इच्छा लागते.

झुळूक

सरळमार्गी, आजोबांना नमस्कार. पण तुमचेच आकडे जरा पुढे नेऊ.

इंडोनेशियाची लोकसंख्या २८ कोटींच्या घरात. अमेरिकेत त्यांचे लोक दीड लाखाच्या आतबाहेर. म्हणजे दोन हजारांत एक. ग्वाटेमालाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे, आणि अमेरिकेत त्या वंशाचे १८ लाख, इथे जन्मलेली मुलं धरून. म्हणजे दहाला एक.

दोन हजारांतला एक कोण असतो? ज्याला जकार्ताच्या वकिलातीत मुलाखत देता येते, बँकेतली शिल्लक दाखवता येते, वीस-बावीस तासांच्या विमानाचं तिकीट परवडतं. त्या चाळणीतून पदवीधरच खाली पडणार. दहातला एक कोण? गावच्या गाव. चालत, ट्रकच्या टपावर, मेक्सिको ओलांडून. तुम्ही इंडोनेशियाची मलई आणि ग्वाटेमालाचं आख्खं दूध मोजताय, आणि म्हणताय की इंडोनेशियाच्या म्हशी चांगल्या.

बंडू_बिलंदर

वाचून झालं. म्हशीला टाळ्या.

पाटलीणबाई

झुळूक +१.

मी मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे नर्स आहे. 'स्पॅनिश तिलाही तोडकंमोडकंच' हे वाचून थांबले. काठावरचा, त्या बाईची भाषा स्पॅनिश नसणारच. वेवेतेनांगो म्हणजे माम किंवा कान्होबाल. ग्वाटेमालात स्पॅनिश सोडून वीसेक माया भाषा आहेत, आणि एकीचं बोलणं दुसरीला कळेलच असं नाही.

आमच्याकडे किचे बोलणाऱ्या बायका येतात. पूर्वी आम्ही स्पॅनिशचा दुभाषा बोलावायचो आणि निर्धास्त व्हायचो. बाई प्रत्येक प्रश्नाला 'सी, सी' म्हणायची. दिवसातून किती गोळ्या घेता? सी. ॲलर्जी आहे का? सी. एकदा एका बाईला औषध जेवणानंतर घ्या म्हणून तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा सी. दोन आठवड्यांनी आली तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. ती होकार देत नव्हती, ती सभ्यपणे वागत होती. आता फोनवर किचेचा दुभाषा मिळतो, पण वेळ आधी ठरवावी लागते. आजार काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाही.

न्यू बेडफर्डला मार्च २००७ मध्ये एका कारखान्यावर इमिग्रेशनची धाड पडली होती, ३६१ कामगार उचलले. त्यांत माया लोक बरेच होते. अमेरिकन सैन्यासाठी पाठीवरच्या पिशव्या शिवायचे काम. आया टेक्ससला नेल्या, बाळं इथे पाळणाघरात. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण आजही काही बायका रक्ताच्या तपासणीचा कागद दिला की आधी विचारतात, हा कुठे जाणार?

तर, पोराला शिकवायची इच्छा वगैरे ठीक आहे. शाळेची चिठ्ठी घरी येते ती इंग्रजीत आणि पाठीमागे स्पॅनिशमध्ये. त्या घरात दोन्ही परके.

तेरावा_मजला

हाँगकाँगहून लिहितोय. 'आशियाई माणूस शिकवतो' वाल्यांनी रविवारी इथल्या व्हिक्टोरिया पार्कात यावं.

हजारो इंडोनेशियन बायका पुठ्ठे आणि चटया अंथरून बसलेल्या असतात. घरकामाच्या व्हिसावरच्या. आठवड्याची एक सुटी. मालकाच्या घरातच राहायचं ही सरकारी अट, आणि घरं केवढी ते तुम्हाला माहीत आहे. करार संपला की दोन आठवड्यांत देश सोडायचा. वीस वर्षं राबलं तरी कायमचा रहिवास नाही, २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च कोर्टाने तसा निकालच दिला. पहिले काही महिने पगारातला मोठा वाटा एजंटाच्या फीत जातो. ह्यांची मुलं गावी आजीकडे.

हीच पूर्व जावा, सुराबायाच्या आसपासची गावं. संस्कृती तीच, देवधर्म तोच, तांदूळही तोच. फक्त एक बाई विमानाने न्यू जर्सीला गेली आणि दुसरी एजंटमार्फत हाँगकाँगला. संस्कृती काय विमानात बदलते?

हेगचा_हेमाडी

तेरावा मजला, क्या बात. नेदरलँड्सचं उदाहरण जोडतो, कारण इथे इंडोनेशियातूनच आलेले दोन गट शेजारी-शेजारी आहेत.

एक, इंडो. म्हणजे डच-इंडोनेशियन मिश्र घरातले. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर जवळपास तीन लाख आले, डच नागरिक म्हणून, डच बोलत. सुरुवातीला हाल झाले, पण एका पिढीत मिसळून गेले. त्यातले काही पुढे अमेरिकेत गेले, तिकडे पन्नाशीच्या दशकात त्यांच्यासाठी खास कायदे झाले होते. रॉक बँडवाल्या व्हॅन हेलन बंधूंची आई त्यातलीच, ते कुटुंब १९६२ मध्ये गेलं.

दोन, मोलुक्कन. म्हणजे इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरचे. डचांच्या वसाहती फौजेतले सैनिक आणि त्यांची कुटुंबं, १९५१ मध्ये साडेबारा हजार माणसं जहाजांनी आणली. 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून. उतरल्या उतरल्या फौजेतून कमी केलं. राहायला छावण्या दिल्या, त्यातली एक वेस्टरबोर्क, जिथून नाझींनी ज्यूंना पाठवलं होतं तीच. सुरुवातीला काम करू दिलं नाही. 'थोडे दिवस' सरता सरेनात, आणि १९७५ व ७७ मध्ये त्यांच्या पोरांनी आगगाड्या ओलिस धरल्या.

दोन्ही इंडोनेशियातले. एकांच्या हातात पासपोर्ट होता, दुसऱ्यांच्या हातात आश्वासन.

संस्कृतप्रेमी

अवांतर: इंडोनेशियन भाषेत भाषेला 'बहासा', बायकोला 'इस्त्री', नवऱ्याला 'सुआमी' (आपला स्वामी) म्हणतात. डोक्याला 'कपाला'. माझ्या ऑफिसात एक विष्णू आहे, शुक्रवारी नमाजाला जातो.

बंडू_बिलंदर

बायकोला इस्त्री? रविवारी संध्याकाळी आमच्याकडे शर्टांना कोण करायची यावरून जे होतं, ते पाहता शब्द चपखल आहे.

खादाड_खंडू

अवांतराला माझा हातभार. ग्वाटेमालात मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळतात. त्याने साल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो. आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना चिरते, त्यांची पोळी चिरत नाही, त्याचं कारण हे. आणि त्यांचे तमालेस केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. आमच्या आजीच्या पानग्या बघितल्यासारखं वाटलं. आत मात्र डुक्कर असतं, आजी नाही म्हणाली असती.

इंडोनेशियाच्या टेंपेबद्दल बोलायचं तर सोयाबीनला बुरशी आणून खायचा पदार्थ, तळला की झकास. कोणी करून बघितलाय का?

झुळूक

खंडू, वेगळा धागा काढा हो, मी येते तिकडे. इथे मुद्दा चाललाय.

वाशीचा_वेलदोडा

मुद्द्याचंच सांगतो. मी मसाल्याच्या व्यापारात. घरच्या शिऱ्यात वेलची घालताना केरळ आठवतं ना? जगात सगळ्यात जास्त वेलची निर्यात करतो तो ग्वाटेमाला. तिकडे शंभरेक वर्षांपूर्वी जर्मन मळेवाल्यांनी नेली. आज आल्ता वेरापासच्या डोंगरात केक्ची माया लोक पिकवतात. गंमत म्हणजे ते स्वतः खात नाहीत. सगळी आखाताकडे, कॉफीत घालायला. जो पिकवतो त्याला तिचा उपयोग काय ते नीट माहीत नाही, भाव मात्र जेद्दाहच्या रमजानवर ठरतो.

भाव पडला की तिकडचा शेतकरी काय करतो? कॉफीचंही तेच. २०१२ च्या सुमारास कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला, मळे गेले, मजुरी गेली. आमच्या धंद्यात 'यंदा माल कमी' एवढंच कळतं. माल कमी का, ते काठावरचांच्या टेबलाशी येऊन बसलं असणार.

काठावरचा

वेलदोडेबुवा, हे माहीतच नव्हतं. डबा उघडून वास घेऊन आलो.

सगळ्यांचे आभार. तेरावा मजला आणि हेमाडी यांच्या प्रतिसादांनी संस्कृतीचं उत्तर माझ्यापुरतं निकालात निघालं. पण झुळूक यांच्या चाळणीवर एक शंका. माझ्याकडे आलेली सुराबायाची बाई पदवीधर नाही, बारावीपर्यंत शिकलेली. नवऱ्याचं तिकडे मोबाइल-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मलईतली म्हणावी तर आज ती त्याच लाइनवर खोकी भरतेय. मग?

कलम_बहाद्दर

उशिरा आलो. वकील नाही, पण इमिग्रेशनच्या वकिलाकडे नऊ वर्षं फायली वाहिल्या आहेत. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

काठावरचांच्या शंकेचं उत्तर: कधी आले, ते विचारा.

इंडोनेशिया. मे १९९८, रुपियाह कोसळलेला, जकार्ता आणि इतर शहरांत दंगली, हजारावर माणसं मेली, चिनी वंशाच्यांची दुकानं वेचून जाळली. २१ मेला राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले. चिनी वंशाचे आणि ख्रिस्ती लोक जमेल तिकडे पळाले. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा तेव्हा मिळत होता. ते न्यू जर्सीत, दक्षिण फिलाडेल्फियात, न्यू हॅम्पशरच्या डोव्हर-सोमरसवर्थ भागात उतरले. हे कॅलिफोर्नियात शिकायला आलेल्या इंजिनियरांपेक्षा वेगळे लोक. सरासरीत दोघे एकत्र येतात आणि 'निम्मे पदवीधर' असं चित्र दिसतं. फिलाडेल्फियाच्या गोदामातला इंडोनेशियन त्या आकड्यात दिसतच नाही.

ह्यांनी आश्रय मागायला हवा होता. पण १९९६ च्या कायद्याने आल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. कोणाला माहीत? बहुतेकांचं वर्ष हुकलं. मग ११ सप्टेंबर. २००३ च्या सुरुवातीला इंडोनेशियाचं नाव खास नोंदणीच्या यादीत आलं: सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी स्वतः येऊन बोटांचे ठसे द्यावेत. बहुसंख्य मुस्लिम देशांसाठीची यादी, आणि आमच्याकडच्या फायलींत त्यात सापडले ते चर्चात जाणारे लोक. पाद्र्यांनी सांगितलं, कायदा पाळा. ते गेले, खरं सांगितलं, आणि सरकारकडे त्यांचे पत्ते गेले. त्यातूनच पुढे हद्दपारीच्या नोटिसा. २०१२ मध्ये तुमच्या हायलंड पार्कच्या चर्चात काही इंडोनेशियन पुरुष महिनोन् महिने राहत होते, बाहेर पडलं तर पकडतील म्हणून. २०१८ मध्ये न्यू हॅम्पशरच्या पन्नासएक जणांची हद्दपारी बोस्टनच्या फेडरल न्यायाधीशांनी थांबवली, केसेस पुन्हा उघडायला वेळ मिळावा म्हणून.

आता ग्वाटेमाला. १९५४ मध्ये निवडून आलेलं आर्बेन्झ सरकार सीआयएच्या मदतीने पाडलं. १९६० ते १९९६ यादवी. दोन लाख माणसं मेली किंवा नाहीशी झाली. तिथल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितलं की ओळख पटलेल्या बळींत ८३ टक्के माया. हे लोक ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आले तर आश्रयाचे अर्ज शंभरातले तीनही मंजूर होईनात. मंजूर करायचा म्हणजे तिथलं सरकार छळतं हे कबूल करणं आलं, आणि ते सरकार दोस्त. चर्चांनी खटला भरला, १९९१ मध्ये तडजोड झाली, अर्ज पुन्हा तपासायचे ठरलं. १९९७ मध्ये कायदा आला, त्यात निकाराग्वा आणि क्यूबावाल्यांना ग्रीन कार्डाची जवळपास सरळ वाट, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरच्या लोकांना एकेकाने आपलं दुःख सिद्ध करायचं. आपत्तीनंतर तात्पुरतं संरक्षण देतात ते होंडुरासला मिळालं, एल साल्वादोरला मिळालं. ग्वाटेमालाला कधीच नाही.

थोडक्यात, वाईट वागणूक दोघांनाही. पण सुराबायाची बाई बहुधा १९९८ ते २००२ मध्ये आली. मुलगी इथे जन्मली, म्हणजे नागरिक, म्हणजे कॉलेजची सरकारी मदत. वेवेतेनांगोच्या बाईचा मुलगा तिकडे जन्मून इथे आला असणार. एका आईला इथे पंचवीस वर्षं झालीत आणि दुसरीला पाच, अशी ही तुलना चालली आहे.

पाटलीणबाई

वाचनखूण साठवली.

सरळमार्गी

कलम_बहाद्दर, माहितीपूर्ण प्रतिसाद. मान्य, तारीख महत्त्वाची. पण फोल्डर आणि पावाची पिशवी यांचं काय? ते तर कायद्याने नाही ना ठरलं? एक बाई वर्षवार कागद लावते, दुसरीचे दोन हरवतात. शिस्त म्हणून काही असते की नाही?

बीडकर

शिस्तीचं सोडा, देण्याचं विचारा.

आमच्या गावात ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. दिवाळीनंतर सहा महिने तोड, आणि तरी उचल फिटत नाही, पुढच्या वर्षाच्या डोक्यावर चढते. पोरगं चौदाचं झालं की कोयता. त्याला शाळा आवडत नाही म्हणून नाही, घरात अजून एक कोयता लागतो म्हणून. ग्वाटेमालाच्या त्या पोराची गोष्ट वाचून मला आधी हेच आठवलं. बाईला विचारा, आणणाऱ्या माणसाला किती दिले आणि कुठून आणले.

झुळूक

बीडकर, अगदी. तिकडे आणणाऱ्याला 'कोयोते' म्हणतात. कोयता-कोयोते, बंडू यांच्यासाठी सोडते.

बंडू_बिलंदर

नको. ह्यावर नाही सुचत.

मधलीसुटी

मी न्यू जर्सीत शाळेत शिकवते (जिल्हा सांगत नाही). माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं आहेत. कायद्याने २०१३ पासून, इथे तीन वर्षं हायस्कूल करून पास झालेल्या मुलाला कागद नसले तरी राज्याच्या कॉलेजात स्थानिकांची फी लागते, २०१८ पासून राज्याची मदतही मिळू शकते. म्हणजे दार आहे. पण सोळाव्या वर्षी आलेला मुलगा तीन वर्षं कुठून आणणार? त्यातले अनेक रात्रपाळीला काम करून सकाळी वर्गात झोपतात. मी उठवत नाही.

आणि एक. इंडोनेशियन आयांना चर्चाच्या किंवा मशिदीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं कळतं: कुठला फॉर्म, कुठली तारीख, कुठला वकील चोर. वीस वर्षांत ती व्यवस्था बसलीय. माम आयांचेही ग्रुप आहेत, पण तिथे निरोप आवाजी असतात, कारण लिहिण्याची सवय नाही. मी आता आवाजी निरोप पाठवते. उत्तरं लगेच येतात.

अर्थअनर्थ

एक आकडा राहिला. बाहेरून येणारा पैसा इंडोनेशियाच्या अर्थव्यवस्थेत टक्काभर. ग्वाटेमालात जवळपास पाचवा हिस्सा, २०२३ मध्ये २० अब्ज डॉलरच्या आसपास. तिकडे पाच वर्षांखालच्या मुलांत जवळपास निम्मी खुरटलेली. प्लेनफिल्डच्या बाईच्या पगारावर दोन घरं चालतात, मेटचनच्या बाईच्या पगारावर बहुधा एकच. 'पगार तोच' हे मूळ प्रश्नातलंच चुकलंय.

काठावरचा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

दोघी पुन्हा येऊन गेल्या. पहिली राज्याचा रिफंड अडकला म्हणून, दुसरी राहिलेले दोन कागद घेऊन. दुसरीच्या वेळी मी फोनवर मामचा दुभाषा मिळवला होता (पाटलीणबाई, तुमच्यामुळे). ती पाच मिनिटं नुसती बोलतच होती. दुभाषा म्हणाला, थांबा, टॅक्सचं अजून सुरू झालेलं नाही.

सरळमार्गी, फोल्डरचं मी मुद्दाम विचारलं. सुराबायाची बाई हसली. २००३ मध्ये नवरा नोंदणीला गेला, नंतर नोटीस आली, तेव्हा चर्चमधल्या वकीलबाईंनी सगळ्यांना बजावलं: विजेच्या बिलापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत एकही कागद टाकायचा नाही, कोर्टात एकेक वर्ष सिद्ध करावं लागेल. त्याआधी तिचे कागद स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली असायचे.

आणि पावाची पिशवी. सीमेवरची नदी ओलांडताना कागद भिजू नयेत म्हणून पिशवी वापरायची सवय लागली, ती राहिली. हरवलेले दोन कागद एजन्सीने तेव्हा दिलेच नव्हते. नेण्या-आणण्याच्या व्हॅनचे पैसे पगारातून कापत होते, ते आता कायद्याने बंद आहे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. बोललं तर सोमवारी व्हॅन थांबत नाही.

बीडकर, तुमचा प्रश्नही विचारला. स्वतःचे आणि मुलाचे मिळून एकोणीस हजार डॉलर. डोंगरावरची बापाची जमीन गहाण, महिन्याला शेकडा दहा. मुलाने शाळा सोडली त्या वर्षी व्याज मुद्दलाच्या पुढे गेलं होतं. आता आठशे डॉलर राहिलेत.

बीडकर

शेकडा दहा. आमचे सावकार लाजतील.

सरळमार्गी

फोल्डरचं मागे घेतो. आजोबांचं नाही घेत.

झुळूक

आजोबांचं कोणी मागितलंही नाही. :)

मधलीसुटी

काठावरचा, आठशे फिटले की मुलाला परत शाळेत पाठवेल का, विचारलंत का? वीस वर्षांचा होईपर्यंत तो इथे मोफत हायस्कूलला जाऊ शकतो.

काठावरचा

विचारलं. ती म्हणाली, तो आता सुपरवायझरपेक्षा चांगली छपरं घालतो, त्यालाच विचारा. तुम्ही म्हणता ते मात्र दुभाष्याकडून दोनदा सांगून ठेवलं.

एक सांगायचं राहिलं. गोदामात त्या लाइनवरच्या बाराजणींची भिशी आहे. इंडोनेशियात तिला 'आरिसान' म्हणतात, ग्वाटेमालात 'कुचुबाल', त्यामुळे कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. महिन्याला शंभर. ह्या महिन्याचा नंबर सुराबायाच्या बाईचा होता. तिने तो दुसरीला दिला, व्याज थांबावं म्हणून. फुकट नाही हं. बदल्यात दुसरीचा ऑगस्टचा नंबर घेतला, तेव्हा रटगर्सची फी भरायची असते.

बंडू_बिलंदर

आणि भिशीची वही कोणाकडे? फोल्डरवालीकडे की पिशवीवालीकडे?

काठावरचा

पिशवीवालीकडे. वही नाहीच, तिच्या तोंडपाठ आहे.